काबर्ने आणि केळीचा चीक

केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. काळा होतो तो दुसऱ्या दिवशी.

*

ब्लॅकबेरी आचोळ्यात मिळत नाही. तीन फळवाल्यांना विचारून झालं. तिसऱ्याने करवंदं दाखवली आणि म्हणाला, काळीच तर आहेत.

*

साखरेची बरणी ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली.

*

अकरा वर्षं आणि दोन महिने.

*

"थुंकायची? एवढी महागाची? मग लोक घेतात कशाला?"

*

पुरणपोळी: वाईन कडू झाली. ठेचा: वाईन पेटली. लिंबाचं लोणचं: वाईन मेली.

*

आता हे सगळे तुकडे एका ताटात वाढायचे तर सुरुवात स्वप्नापासून करावी लागेल.

स्वप्ना एकोणतीस वर्षांची. राहायला नालासोपाऱ्यात, आचोळ्याला. घरचे मूळचे बार्शीकडचे, आणि घरात तीन पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. ती अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेटला आहे, म्हणजे लग्नांत आणि कंपन्यांच्या जेवणांत ट्रे घेऊन फिरते. घरी विचारलं तर 'हॉटेल लाइन', यापुढे कुणी खोलात जात नाही.

वाईनची ओढ तिला प्यायल्याने लागली नाही. हुंगल्याने लागली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नानंतर ती रिकामे ग्लास आवरत होती आणि एका ग्लासाच्या तळातून तिला चक्क कंपासपेटीचा वास आला. पेन्सिलीला टोक काढल्यावर शार्पनरमध्ये जो भुसा उरतो, त्याचा. लाल पाण्यात पेन्सिल कुठून आली? या एका प्रश्नाने तिला जे धरलं ते सोडलंच नाही. मग ती प्रत्येक ग्लास धुवायला टाकण्याआधी हुंगायला लागली. पोरं हसायची. पेयांचा सगळा कारभार बघणारे स्टीवन सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एक दिवस तिला जुनं पुस्तक आणून दिलं. घोट किती घ्यायचा, तोंडात कसा फिरवायचा आणि थुंकायचा कसा, हेही त्यांनीच तिला शिकवलं.

एप्रिलात वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये वाईन सांगणाऱ्याची जागा रिकामी झाली. पाहुणा बसला की त्याच्या जेवणाला कुठली बाटली जाईल हे सांगायचं, एवढंच काम. ट्रे नाही, धावाधाव नाही, दिवसभर नाक आणि जीभ. नावं दोघांची होती, स्वप्ना आणि विरारचा परेश.

"दोघांना द्राक्ष एकच," स्टीवन सर म्हणाले. "काबर्ने सोविन्यॉन, नाशिकचं. प्रत्येकी दोन बाटल्या. एक बिघडवायला, एक मंगळवारी माझ्यासमोर उघडायला. तुम्ही जिथे राहता तिथला एकच पदार्थ घेऊन या. हॉटेलच्या किचनमधला चालणार नाही. आणि तोच का, ते सांगा."

"माझं ठरलं सर," परेश म्हणाला. "आईचं सुकं मटण. स्वप्ना काय, गवत आणेल."

स्वप्ना हसली. सरही हसले, पण मग थांबले.

"तो मस्करी करतोय, प्रश्न मात्र खरा आहे. काबर्नेचा सगळा संसार मांसाशी. तू ते खात नाहीस. पाहुण्याला सांगताना जीभ कोणाची वापरणार?"

जागा गेली तर परत ट्रे, हे तर होतंच. पण त्याहून मोठी भीती अशी की सर बरोबर असतील. आपल्याकडे नाक आहे आणि जीभ अर्धीच आहे, असं निघालं तर?

*

वहीतलं एक पान, रविवार:

भरलं वांगं, दाण्याचं कूट भरपूर. बरं. कुटाने वाईन जरा शांत होते. तिखट आलं की परत भांडण.

झुणका. तोंड कोरडं, वाईन कोरडी. दोघं मिळून वाळवंट.

पुरणपोळी, ठेचा, लोणचं: वर लिहिलंय तसं. (आई म्हणाली, पुरणपोळीबरोबर हे कसलं सरबत पितेस? कोकम म्हणून सांगितलं.)

खारे दाणे. मीठ चांगलं! पण खारे दाणे हा पदार्थ नाही.

पुस्तक म्हणतं, ब्लॅकबेरी, प्लम, सीडर, तंबाखू. यातलं मी काहीच खाल्लेलं नाही. तंबाखू बाबा खातात.

हिरड्या आवळल्यासारख्या का होतात? पुस्तक म्हणतं टॅनिन. नाव कळलं. पुढे काय?

*

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, स्टेशनजवळच्या बाजारात, पॉलिन आँटी बसते. तिच्यापुढे केळी, केळफुलं, अळू, आणि हंगाम असेल तेव्हा सोनचाफ्याची पुडकी. घर वटार गावात, वाडी घरालगतच. स्वप्ना तिच्याकडून चार वर्षं केळी घेते आहे, त्यामुळे एकमेकींच्या घरची बित्तंबातमी दोघींना असते. वसईच्या गावांत नाताळाला घरोघर वाईन करतात हे स्वप्नाला ठाऊक होतं. तिचा हिशेब सरळ होता: जे स्वतः वाईन करतात त्यांना तिच्याबरोबर काय खावं हे कळतच असणार.

"सोमवारी ये," पॉलिन म्हणाली होती. "सोमवारी मी बाजाराला बसत नाही."

म्हणून सोमवारी सकाळी स्वप्ना उरलेली पाऊण बाटली पिशवीत घालून निर्मळपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने वटारला गेली. बंद बाटली घरी कपाटात, ड्रेसच्या घडीखाली होती.

घरापुढच्या ओट्यावर पॉलिनचा नवरा आलोशियस कोयत्याला खोबरेल चोळत बसला होता. साठीचा, काटक, बनियनवर काळे डागच डाग. स्वप्नाला वाटलं, गंज असावा.

"चीक आहे," तो म्हणाला. "केळीवाल्याचा शर्ट असाच. धुवून जात नाही. लग्नातल्या शर्टावरसुद्धा आहे माझ्या."

"लग्नाच्या सकाळी घड कापायला गेला होता हा," आतून पॉलिनचा आवाज आला. "पाद्री थांबले, हा वाडीत."

स्वप्नाने पिशवीतून बाटली काढली आणि पॉलिनने दिलेल्या दोन स्टीलच्या वाट्यांत दोन-दोन घोट ओतले. एक वाटी स्वतःसाठी, एक आँटीसाठी. पॉलिनने हात हलवला, नंतर घेईन, आधी चूल बघते. दुसऱ्या वाटीकडे आलोशियस बघत राहिला. बघत राहिला आणि मग कोयता जरा जास्तच जोरात चोळायला लागला.

"अंकल, तुम्ही घ्या ना."

आत भांडं आपटलं. "तो घेत नाही!"

गोष्ट अशी होती. त्यांची मुलगी ब्रिटनी नऊ वर्षांची असताना डेंग्यूने आठ दिवस हॉस्पिटलात पडली. नवव्या दिवशी आलोशियस निर्मळच्या चर्चमध्ये गेला आणि गुडघ्यांवर बसून शब्द देऊन आला, यापुढे दारूचा थेंब घशाखाली उतरणार नाही. पोरगी बरी झाली. आता पुण्याला नर्सिंग शिकते. तेव्हापासून अकरा वर्षं आणि दोन महिने त्याने बायकोची नाताळची वाईनही चाखली नव्हती. बायकोने महिन्यांचा आकडासुद्धा पाठ ठेवला होता.

"सॉरी अंकल, मला माहीत नव्हतं. आम्ही तर कामाची असते म्हणून चव घेतो आणि थुंकतो."

कोयता थांबला.

"थुंकता?"

"हो. शिकताना सगळेच थुंकतात. पोटात गेली तर दहावी बाटली कळणारच नाही."

"थुंकायची? एवढी महागाची? मग लोक घेतात कशाला?" आलोशियसने दाराकडे मान वळवली. "पॉलिन, ऐकलंस? मी शब्द काय दिला होता? घशाखाली. तोंडाचं काय बोललो नव्हतो."

पॉलिन पदराला हात पुसत बाहेर आली. मग नवराबायकोत त्यांच्या घरच्या बोलीत जे काही झालं त्यातलं स्वप्नाला निम्मं कळलं, पण सूर कळला. शेवटी पॉलिन तिला कळेल असं म्हणाली, "एकदा. आणि थुंकताना मला दिसलं पाहिजे."

आलोशियसने वाटीतला एक घोट घेतला. स्वप्नाने सांगितलं तसा गालांत फिरवला. डोळे बारीक केले. ओट्यावरून उतरून चार पावलांवरच्या केळीच्या आळ्याशी गेला आणि पॉलिन कमरेवर हात ठेवून बघत असताना भुळ्ळकन थुंकला. ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"हा तर चीक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"केळीचा चीक. लहानपणी कच्चं केळं चावलं होतं, तसं झालं. हे बघ, हिरड्यांना बसला. तू चावलंयस का कधी?"

स्वप्नाने कच्चं केळं कधी चावलं नव्हतं. म्हणजे शोधायचं ते वाडीतच होतं, आणि तिला एकदम घाई झाली. आलोशियस तिला घेऊन मागे गेला, एक केळफूल कापलं, जांभळ्या पाकळीखालची कोवळी फुलं काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने एक चावलं. जीभ जागच्या जागी आखडली, हिरड्या कोरड्या पडल्या. ओळखीचं होतं. रविवारी दिवसभर जे चाललं होतं तेच, फक्त द्राक्षाशिवाय.

"अंकल, टॅनिन!"

"ते काय असतं?"

"तुमचा चीक."

"मग तसं म्हण की."

*

इकडे पॉलिनने पुढच्या ओट्यावरची बाटली आत नेली आणि चमचाभर चाखून बघितली.

तिची नाताळची वाईन काळ्या मनुकांची, गव्हाची, आणि मनुकांहून जास्त साखरेची. बरणीत एकवीस दिवस. तिच्या उभ्या आयुष्यात वाईन म्हणजे गोड. त्यामुळे जिभेवर हे तुरट, आवळतं काहीतरी आल्यावर तिने जो अर्थ काढला तो तिच्या जागी तिच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने काढला असता: पोरीची वाईन बिघडली. मुंबईहून उन्हात आणली, आंबली. बिचारीची परीक्षा आहे.

स्वयंपाकाच्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातली साखरेची बरणी तिने पुढे ओढली. चार चमचे. मग चाखून अजून दोन. बोटाने बाटलीचं तोंड दाबून छान हलवली.

स्वप्ना आत आली तेव्हा पॉलिन प्रसन्न होती.

"सुधारली बघ."

स्वप्नाने वास घेतला. मग चाखली. मग खाली बसली.

"आँटी, ती अशीच असते."

"अशी? आणि लोक पैसे देतात?" पॉलिनचा हात तोंडावर गेला. "बाई गं. दुसरी आहे ना?"

"आहे. ती उद्या सरांसमोर उघडायची. त्याआधी नाही."

बाहेर कुणीतरी पंप सुरू केला. मग तिघांचीही नजर एकाच वेळी पुढच्या ओट्यावर गेली. तिथे स्टीलच्या दोन वाट्या होत्या. स्वप्नाच्या वाटीत तिने अजून तोंडही न लावलेले दोन घोट, आलोशियसच्या वाटीत एक. साखर न पडलेली काबर्ने वटारमध्ये एवढीच उरली होती.

"म्हणजे चुकायला जागा नाही," स्वप्ना म्हणाली. तिने वाट्यांवर बशा झाकल्या.

"कसली चूक?" आलोशियस पुन्हा कोयत्यापाशी जाऊन बसला होता. "चीक आहे तर खोबरेल लाव. हाताला लावतो, कोयत्याला लावतो. चिकाला दुसरं काय लागतं?"

तो थट्टेत बोलला होता. पण स्वप्नाने त्याच्या हातातल्या खोबरेलाच्या बाटलीकडे असं बघितलं की तो ओशाळला.

"आँटी, केळफूल करताना चीक कसा काढता?"

"हाताला खोबरेल. मग ही मधली काडी आणि हा पापुद्रा, एकेका फुलाचा काढायचा. चिरून मीठ घातलेल्या ताकात टाकायचं. आज सकाळीच टाकलंय मी, ते बघ पातेल्यात. पिळलं की चीक ताकात."

खोबरेल. मीठ. ताक. स्वप्ना बोटं मोजत होती. दाण्याच्या कुटाने वाईन शांत झाली होती, तेल. खाऱ्या दाण्यांनी झाली होती, मीठ. ताकाचं तिने बघितलंच नव्हतं. पुस्तकात मांसाच्या चरबीबद्दल पानंच्या पानं होती, आणि इथे ही बाई चाळीस वर्षं रोज सकाळी टॅनिन पातेल्यात उतरवत होती.

"आणि जर," ती सावकाश म्हणाली, "ज्याने फुलाचा चीक जातो ते सगळं भाजीतच ठेवलं तर? मग तोंडात ते वाईनचाही चीक काढेल."

"भाजीत खोबरेल?" पॉलिन उखडली. "ते डोक्याला लावतात! आम्ही काय मलबारी आहोत?"

"घाण्याचं आहे, आपल्याच नारळांचं," आलोशियस म्हणाला.

"तू गप. तुला वाटीतलं दिसतंय."

*

पातेल्यातलं केळफूल पिळलं. तव्यावर खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलं, कारण बाटलीत लाकडी पिंपाचा जो करपट वास होता त्याला सोबत हवी असं स्वप्नाचं म्हणणं पडलं. मिरची पॉलिनच्या हातात होती. ती स्वप्नाने काढून घेतली. मिरीचे चार दाणे, लसूण. खोबरेल कढईत तापलं तेव्हा पॉलिनने नाक मुरडलं, आणि फूल पडून परतायला लागल्यावर मुरडलेलं नाक हळूच सरळ केलं. घरात दह्याचा चक्का बांधलेला होता. त्यात मीठ जरा जास्तच घालून त्याचा जाड थर स्वप्नाने भाजीवर लावला.

मग तिने वाट्यांवरच्या बशा उचलल्या.

आधी वाईनचा एकच घोट: हिरड्या आवळल्या, पेन्सिलीचा भुसा, करवंद. हो, करवंद! फळवाला बरोबर होता. मग भाजीचा घास, चक्क्यासकट, सावकाश. मग वाटीतला उरलेला दुसरा घोट.

तिने डोळे मिटले. चीक नव्हता. जिथे तो होता तिथे काहीतरी मऊ, गडद पसरलं होतं, आणि भाजलेलं खोबरं व पिंपाचा वास एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चालले होते. केळफुलात मुरून उरलेला किंचितसा कडवटपणा शेवटी आला, आणि वाईन त्याला धरून लांबवर गेली. तिची वाटी रिकामी झाली. पुन्हा तपासायला काही नव्हतं.

"मला भास तर होत नाहीये?" ती म्हणाली. "अंकल, तुम्ही सांगा. तुम्ही चीक ओळखलात, गेला की नाही तेही तुम्हीच ओळखा."

आलोशियसने पॉलिनकडे बघितलं. पॉलिन कढईला लागलेलं खरवडून खात होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. त्याने घास खाल्ला, वाटी तोंडाला लावली, ओट्यावरून उतरून केळीच्या आळ्याशी गेला. बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

परत आला तेव्हा त्याचे डोळे पाणावल्यासारखे होते.

"गेला," तो म्हणाला. "चीक गेला."

*

मंगळवारी दुपारी तीन वाजता परेशचं मटण पहिलं. उत्तमच होतं. स्टीवन सरांनी दोन तुकडे खाल्ले, दोन घोट घेऊन थुंकले आणि म्हणाले, "चूक काढायला जागा नाही."

मग स्वप्नाने डबा उघडला. पॉलिनने बरोबर दिलेलं केळफूल तिने आदल्या दिवशी घरी स्वतः सोललं होतं, ताकात ठेवलं होतं आणि सकाळी पाचला उठून परतलं होतं. तिच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर एक काळा डाग होता. लपवायचा तिने प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"सर, आधी हे चावा." तिने एक कच्चं फूल पुढे केलं.

सरांनी चावलं. चेहरा आकसला. परेश हसला.

"आता वाईन."

घोट. सरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी फुलाकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं.

"तेच," ते म्हणाले.

"आता भाजी. आणि परत वाईन."

सरांनी घास घेतला, घोट घेतला. थुंकायचं भांडं जवळ ओढलं, थुंकले, आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. परेशने पुढे वाकून डब्यात बोट घातलं.

"खोबरेल?" सर म्हणाले.

"हो सर. मीठ, खोबरेल आणि ताकाच्या जागी दह्याचा चक्का. केळीवाले चीक याच तीन गोष्टींनी काढतात. मांसात जे काम चरबी करते ते इथे यांनी केलं. खोबरं करपवलंय ते पिंपाच्या वासासाठी. मिरची नाही, कारण मिरचीने ही वाईन पेटते."

"आणि फळ कुठलं लागतंय तुला? ब्लॅकबेरी?"

"करवंद."

स्टीवन सरांनी ग्लास फिरवला, पुन्हा हुंगला.

"जीभ कोणाची वापरलीस?"

"अर्धी माझी. अर्धी वटारच्या एका अंकलची."

"जाणकार आहेत?"

"पीतच नाहीत सर. अकरा वर्षं झाली. चव घेतली आणि थुंकली, दोन्ही वेळा."

सर मोठ्याने हसले. त्यांनी डब्यातला शेवटचा घास परेशपुढे सरकवला आणि उठता उठता स्वप्नाला म्हणाले, "शनिवारपासून वर ये. आणि बाहीच्या त्या डागाबद्दल कुणी विचारलं तर सांग, युनिफॉर्म आहे."

सोमवारी आळ्याशी पाठमोरा उभा राहिलेला आलोशियस दुसऱ्या वेळी थुंकला नव्हता.